बडबड थांबली तेव्हा

आमच्या सेलूत झाडं तोडणारा एक माणूस आहे. काम एकटाच करतो आणि कापताना झाडाशी तावातावाने भांडतो. आमच्या स्वयंपाकघराकडे कललेला वाळका लिंब पाडायला आला, तेव्हा त्याने मला फाटकाबाहेर उभं केलं.

“ताई, माझी बडबड चालू हाय तवर आत यायचं न्हाई. गप झालो की माणसं घेऊन पळत या.”

दोर उलट्या बाजूला ताणून त्याने करवत लावली. “पत्र्यावर पडायलास व्हय रं? लाज न्हाई वाटत?” मी हसत होते. अचानक आवाज बंद!

शेजाऱ्यांना हाका मारत मी फाटक ढकललं. खोडाला कान लावून त्याने हात वर केला: थांबा! मग तो मागे पळाला आणि कडाडकन लिंब मोकळ्या प्लॉटात आडवा झाला. पत्र्याला काडीही लागली नाही!

“गप का झालात?” मी ओरडलेच.

“आता बोलायची पाळी त्याची होती, ताई.”