आवाज : दहापैकी एक

जगभरच्या व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनी वचकून असावं असा एकच माणूस या पृथ्वीवर आहे आणि तो धुळ्यात राहतो. त्यांना हे अजून कळलेलं नाही, एवढंच. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. घर, गल्ली आणि जिनिंग सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ते मला ‘पाहुणे’ म्हणतात, आणि लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी त्या शब्दात ‘परत कधी निघताय?’ असा एक सूर असतो. नाना जिनिंगच्या कारखान्यात कापसाचे ग्रेडर. शेतकऱ्याची गाडी जिनिंगच्या फाटकात आली की नानांनी गाडीत हात खुपसायचा, मूठभर कापूस ओढायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ताणायचा, आणि लांबी, ताकद, ओलावा, कचरा अशी चार उत्तरं तोंडावर सांगून टाकायची. तीस वर्षं हे केल्यावर माणसाला समोर येईल त्या गोष्टीचा धागा ताणून बघायची खोड लागते. माझ्या बायकोने जीव ओतून केलेलं भरीत एकदा ते डोळे मिटून चघळत राहिले आणि म्हणाले, “साडेसहा. रंग चांगला, पण ओलावा जास्त.” ती त्यानंतर वांग्यांचा पूर्ण हंगाम माहेरी गेली नाही.

गेमचा नाद लागला तो त्यांचा मुलगा नोकरीला बंगळुरूला गेल्यावर. तो आपलं खेळायचं यंत्र टीव्हीखाली सोडून गेला. एका रविवारी नाना त्यावरची धूळ पुसायला बसले, कुठलंसं बटण दाबलं गेलं, आणि मग ते उठले ते वहिनींनी पाचव्यांदा जेवायला हाक मारल्यावर. आठवडाभरात त्यांनी तो खेळ संपवला आणि सवयीने त्याची ग्रेडही लावली. मग इंटरनेटवर इतर परीक्षकांनी काय लावली ते पाहिलं आणि संतापाने मला जळगावला फोन केला. “पाहुणे, ही माणसं सातापासून मोजायला लागतात! ज्या खेळात माझा माणूस भिंतीत अडकून अर्धा तास पाय हलवत राहिला त्याला सात, आणि जो खरंच बरा आहे त्याला साडेआठ! मग एक ते सहा हे आकडे काय नुसते शोभेला ठेवलेत?” मी म्हणालो, “असेल तिकडची पद्धत.” ते म्हणाले, “पद्धत नाही. यामा बठ्ठा कचरा शे.” नाना रागावले की शुद्ध मराठी सोडून गावाकडच्या अहिराणीत उतरतात, आणि एकदा ‘आहे’चा ‘शे’ झाला की समोरच्याने वाद सोडून द्यायचा असतो.

अशा रीतीने त्यांनी स्वतःचं परीक्षणाचं पान सुरू केलं. पहाटे पाच ते सात खेळायचं, आठला जिनिंगला जायचं, रविवारी लिहायचं. मापं कापसाचीच : कथेची लांबी, खेळण्यातली ताकद, रडारडीचा ओलावा, फुकटचा कचरा. शिवाय चित्र आणि आवाज यांना वेगळे मार्क. पूर्ण दहा त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत. सगळ्यात वर गेलेला खेळ सव्वाआठवर थांबला, आणि त्या पाव मार्कावरूनही त्यांना चार दिवस चैन नव्हतं. एका गाजलेल्या युद्धाच्या खेळात गोदामात कापसाच्या गठाणी रचल्या होत्या आणि शेजारीच मशाली पेटल्या होत्या. नायकाने राज्य वाचवलं, पण नानांनी दोन मार्क कापले, कारण गोदामात वाळूची एकही बादली नव्हती. शेतीच्या एका खेळात कापसाचं बोंड तिसऱ्या दिवशी फुटतं हे पाहून त्यांनी त्या परदेशी कंपनीला पत्र लिहिलं की, असं बियाणं खरंच असेल तर दोन पाकिटं पाठवा, नसेल तर माफी मागा. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं आपोआप येणारं उत्तर आलं. नाना ते महिनाभर सगळ्यांना दाखवत होते : “बघा, वरमले.”

या वृत्तीचा त्रास नातेवाइकांना व्हायचाच. पहूरला एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी त्यांना विचारलं, कसं काय वाटलं लग्न? आपण ‘छान’ म्हणतो आणि बट्टीवर तूप वाढून घेतो. नाना म्हणाले, “सुरुवात लांबली. मधले टप्पे सगळ्या लग्नांत असतात तेच. पण मुलीची सासू पाहिली. शेवटचा टप्पा अवघड आहे.” आम्ही जेवण अर्धं टाकून निघालो. पण याच खाष्टपणाचा मला मनातून अभिमानही वाटायचा. एकदा एका कंपनीच्या प्रतिनिधीने नवा खेळ फुकट पाठवला आणि सोबत लिहिलं की आठच्या खाली मार्क देणार असाल तर आधी कळवावं. नानांनी खेळ उघडलाही नाही. उत्तर लिहिलं : ‘ग्रेड लागेपर्यंत आम्ही गाडीवाल्याचा चहासुद्धा घेत नाही.’

मागच्या उन्हाळ्याच्या आधी त्यांच्याकडे एक छोटा खेळ आला. साक्रीकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी तो एकटीने बनवला होता. एक म्हातारी मोहाची फुलं वेचायला पहाटे रानात जाते आणि धुक्यातून तिला आपलं झाड शोधायचं असतं, एवढाच खेळ. नानांनी त्याला साडेतीन दिले. लिहिलं : ‘झाडं हाताने काढलेली दिसतात, चांगली आहेत. पण वाट कुठे आहे ते खेळ सांगत नाही. म्हातारी गोल गोल फिरते आणि आपणही म्हातारे होतो. आवाज : दहापैकी एक. आवाज कसला, नुसती शांतता.’

पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेलो होतो. अकराच्या सुमाराला दारात तिशीच्या एक बाई उभ्या राहिल्या, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, साक्रीहून एसटीने आलेल्या. त्यांनी नाव सांगितलं. मोहाच्या खेळाच्या बाई त्या याच, हे कळताच मी चहाचा कप खाली ठेवला. नाना मात्र ताठ बसले. गाडीवाले ग्रेडवरून भांडायला येतात याची त्यांना सवय होती.

“मार्क बदलत नसतात, बाई,” ते म्हणाले.

“मार्कांसाठी नाही आले, नाना,” बाई म्हणाल्या. “साडेतीन तर साडेतीन. पण तुम्ही शांतता लिहिलंत. मी तीन वर्षं पहाटे रानात बसून एकेक पाखराचा आवाज घेतलाय. माझ्या खेळात वाट पाखरंच सांगतात. तुमच्या यंत्रावर काहीतरी बिघडलं असेल, ते बघावं म्हणून आले. एकदा माझ्यासमोर खेळता का?”

यात नाकारण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी लॅपटॉप उघडला, नानांनी चष्मा चढवला. पडद्यावर धुकं आलं, म्हातारी टोपली घेऊन निघाली. लगेच डावीकडून एक पाखरू स्वच्छ बोललं. मी ऐकलं. नाना उजवीकडे वळले. पाखरू पुन्हा बोललं, नाना सरळ गेले. तिसऱ्या वेळी तर स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत बाहेर आल्या. “अहो, घरात पाखरू शिरलं का काय?”

“कोठे शे पाखरू?” नाना पडद्यावरून नजर न काढता म्हणाले.

मी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी माझ्याकडे. सगळ्यांत आधी समजलं ते त्या बाईंना. त्यांनी अगदी हळू विचारलं, “नाना, आवाज थोडा वाढवू?” त्यांनी तो वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. तेव्हा नानांनी मान वर केली. “हां. आता काहीतरी आलं. लांबून, बारीक.”

मग त्यांचं त्यांनाच कळलं. ते उठले, कपाटातून मार्कांची वही काढली आणि खिडकीपाशी उभे राहून पानं उलटू लागले. आवाजाच्या रकान्यात सुरुवातीला आठ, साडेसात होते. पुढे सहा, पुढे चार. गेलं वर्षभर दोन आणि एक. जिनिंगमधले रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढणारी ती धडधडती यंत्रं, तीस वर्षं कानाशी चालू होती. बारीक आवाज आधी गेले. माणसांची बोलणी ते निम्मी ओठांवरून समजून घेत असावेत. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “मी दोन वर्षं हाका मारतेय. मला वाटलं मुद्दाम ऐकत नाहीत. सगळे नवरे करतात तसं.”

“पाहुणे,” नाना वही मिटत म्हणाले, “आणि मी लिहीत होतो की हल्ली खेळांचे आवाज बिघडत चाललेत.”

मला वाटलं होतं, आता ते खोलीत जाऊन दार लावून घेतील. ते परत येऊन लॅपटॉपसमोर बसले. “बाई, पाखरू ज्या बाजूला बोलेल त्या खांद्यावर बोट ठेवा.” बाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. डावा खांदा, उजवा, पुन्हा डावा. जेवणं राहिली, वहिनींनी दोनदा चहा केला, आणि दुपारी तीनला म्हातारी आपल्या झाडाखाली पोचली. पडदाभर पिवळट फुलं टपटपली.

त्या आठवड्याचं परीक्षण त्यांनी ‘परीक्षक नापास’ या मथळ्याखाली लिहिलं. गेल्या चार वर्षांतले आवाजाचे सगळे मार्क रद्द केले आणि ज्या ज्या कंपन्यांना नावं ठेवली होती त्यांची यादी देऊन क्षमा मागितली. बाईंच्या खेळाला साडेआठ दिले. मी म्हणालो, “नाना, यात थोडी भीड नाही ना?” ते भडकले. “मालच लांब धाग्याचा शे! उलट अर्धा मार्क कापलाय. ज्याला ऐकू येत नाही त्याने त्या रानात जायचं कसं? तिने त्याचा विचार केला नाही.” बाईंनी तो अर्धा मार्क मनावर घेतला. दोन महिन्यांनी खेळ सुधारून आला. आता त्यात पाखरू बोललं की त्या बाजूची पानं थरथरतात.

नानांनी कानाचं यंत्र घेतलं आणि त्याला चार मार्क दिले : ‘बोलणं पोचतं, पण सगळं पत्र्यावरून गेल्यासारखं.’ खेळांचे बारीक आवाज त्यातून नीट येत नाहीत, म्हणून महिन्यातून एक रविवार मी जळगावहून जातो. ते खेळतात आणि मी शेजारी बसून ऐकतो. हे काम मी समजलो होतो तितकं सोपं नाही. ‘चांगला आहे’ म्हटलेलं त्यांना चालत नाही. “चांगला म्हणजे कसा? मोजून सांगा.”

परवा एका खेळात वाळवंट लागलं. वाळूवरून वारा वाहत होता. मी दोनदा ऐकलं आणि म्हणालो, “नाना, दादर ज्वारीच्या उभ्या शेतातून वारा जातो ना, तसं काहीसं.”

“कुठल्या महिन्यातली दादर?”

“माघातली. कणसं भरलेली, पानं वाळलेली.”

नानांनी हातातला कंट्रोलर खाली ठेवला. डोळे मिटून घेतले. आत वहिनीही भांडी वाजवायच्या थांबल्या. मग नानांनी वही ओढली आणि आवाजाच्या रकान्यात नऊ लिहिले.