माईक टेस्टिंग

दारव्ह्यात कार्यक्रम कोणाचाही असो, लाउडस्पीकर आमच्या वस्तीतल्या साउंडवाल्या पोराचाच. खुर्च्या रिकाम्या असेपर्यंत तो माईकवर राजा असतो. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." माणसं बसायला लागली, की मशीनमागे जाऊन दडतो. एखाद्याचं भाषण लांबलं, की तिथूनच एक बटण फिरवतो आणि माईक शिट्टी मारतो. वक्ता दचकून आवरतं घेतो.

यंदा आमच्या बुद्धविहारात जयंतीला भाषणाचे पाहुणे वाटेतच अडकले. बायांनी त्यालाच पुढे ढकललं.

"मले नाही जमत, मावशी," तो मशीनकडे सरकत म्हणाला. माईक हातात आला आणि तोंडातून सवयीचंच निघालं, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग."

मांडव हसला. त्यालाही हसू आलं. "मांगं आवाज येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला. बोल न आता," बाया म्हणाल्या.

मग तो बोलला. आजीनं शाळेत कसं ओढत नेलं, तिथपासून सुरू झाला. पंगतीची भाजी गार झाली तरी थांबेना. आम्ही सगळे आशेनं मशीनकडे बघत होतो, पण शिट्टी वाजवणारा आज माईकवर होता.