फेसाळलेली कढई

खून बघितले, दरोडे बघितले. पण सगळ्या नोकरीतली कुठली केस अजून डोळ्यांपुढं येते असं कुणी विचारलं, तर मी भज्यांच्या कढईची सांगतो. हसायचं त्यानं हसावं.

सातवी शिकून मी शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन बाहेर पडलो. त्या वेळी कोल्हापुरातल्या एका गर्दीच्या ठाण्यात होतो. सकाळची हजेरी संपते न संपते तोच फोन. "सायेब, तुमच्या हद्दीत एक बाई तेलात साबणाचा चुरा टाकून भजी तळत्या. व्हिडिओ बघा की!"

व्हिडिओ आमच्या शिपायांच्या मोबाईलवर आधीच पोचला होता. कढई पांढऱ्या फेसानं उतू चाललेली आणि मागून कुणीतरी "साबण, साबण!" म्हणून ओरडतंय.

जागेवर गेलो तर गाड्याभोवती जमाव. दोघं-तिघं गाडा उलटवायच्या बेतात. आम्ही बाईला कढई, पीठ आणि तेलाच्या डब्यासकट ठाण्यात आणलं. नवरा वारलेला, घर त्या गाड्यावर. ठाण्याचे मोठे साहेब म्हणाले, "नमुना अन्न खात्याला पाठवू. अहवाल येईपर्यंत गाडा बंद." कायद्यानं बरोबरच होतं. पण भजीवालीच्या नावाला एकदा साबण चिकटला, की पुढं अहवाल काहीही येवो, गिऱ्हाईक फिरकत नाही. मी हटून बसलो. "नमुना खुशाल पाठवा साहेब, पण मला दुपारपर्यंत वेळ द्या."

महिला शिपायाला शेजारी बसवून जबाब सुरू केला.

"मावशी, खरं सांगा. काय मिसळलं?"

"साबण मी भांड्याला लावतो सायेब, भज्याला न्हाय!"

"मग सोडा जास्त पडला?"

"चिमूटभर. रोजच्यावानी."

"तेलात भेसळ?"

आता मात्र बाई भडकली. "भेसळ? उलट चांगलं तेल आणलंय! गिऱ्हाईकच म्हणालं, मावशी, पाकिटातलं शेंगतेल सोडा, घाण्यावरचं करडईचं घाला, काळजाला बरं असतंय. म्हणून कालच डबा आणला."

"अहो, मग हे मघाशी का नाही सांगितलं?"

"तुमी वाईट काय घातलं म्हणून इचारत हुता की!"

मी पेन खाली ठेवलं. घाणेवाल्याला बोलावून घेतला. तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "सायेब, करडईचं मागितलं, करडईचं दिलं. भजी तळायची हाईत म्हणली असती तर शेंगतेल दिलं असतं. करडईचं ताजं तेल फोडणीला घाला, भाजीला घाला. तळायला घेतलं की फेसाळतंय."

तोंडी ऐकून जमाव शांत होत नसतो. ठाण्यामागच्या अंगणात दोन शेगड्या मांडल्या. घाण्यावरून करडईचा नवा, सीलबंद डबा आणला आणि दुकानातून शेंगतेलाचं पाकीट. जास्त ओरडणाऱ्या दोघांना पंच केलं. त्यातला एक व्हिडिओवालाच होता. डबा त्याच्याच हातानं फोडायला लावला. पीठ बाईचंच. दोन्ही कढया तापल्यावर तिनं भजी सोडली.

शेंगतेलात भजी गुमान तळायला लागली. करडईच्या कढईत फेस चढत चढत काठावर आला आणि बाहेर पडला.

"आयला!" व्हिडिओवाला पंच दोन पावलं मागं सरकला.

"काय पावणं, ह्यात कुणी साबण टाकला? तुम्ही का मी?" मी विचारलं. अंगणात हशा पिकला. बाई पदरानं डोळे पुसत हसत होती. त्याच पंचाच्या मोबाईलवर दुसरा व्हिडिओ काढून घेतला आणि पहिला जिथं जिथं गेला होता तिथं तिथं पाठवायला लावला. शेंगतेलातली भजी सगळ्या ठाण्यानं खाल्ली. साहेबांनी दोनदा घेतली.

गुन्हा दाखल झाला नाही. स्टेशन डायरीला नोंद केली, 'गैरसमजातून तक्रार', आणि दुसऱ्या दिवशी गाडा शेंगतेलावर सुरू झाला. पुढं खात्याचा अहवाल आला, तोही निर्दोष. पण त्याची वाट बघायला तिथं कोण थांबलं होतं? गाड्यापुढं रांग लागली होती.

त्या दिवसापासून माझी चौकशीची पद्धत बदलली. साहेब लोकांनी पुस्तकातली शिकवली ती निराळी, ही माझी. चोराला मी विचारायचो, काय लपवलंस? आणि जो खरंच गोंधळलेला दिसायचा, त्याला विचारायचो, अलीकडं चांगलं म्हणून नवीन काय केलंस बाबा? माणूस वाईट केलेलं लपवतो, पण चांगलं म्हणून केलेल्यावर त्याला स्वतःलाच संशय येत नाही.