अकरा क्लबांचा नऊ नंबर

नऊ नंबर बॉलकडे बघायचाच नाही. दर शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या शाळेमागच्या मैदानावर आम्ही पंधरा-वीस पालक रेघेबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसायचो आणि बॉल जाईल तिकडे आमच्या माना वळायच्या. याची मान भलतीकडेच. मुली डावीकडे बॉलमागे घोळक्याने धावताहेत आणि हा उजवीकडच्या रिकाम्या गवताकडे टक लावून उभा. पहिल्या दिवशी मी शेजारच्या खुर्चीतल्या देशपांडेला म्हणालो, गृहस्थाला नीट दिसत नसावं. तेवढ्यात तीन पाय आणि एक डोकं लागून बॉल बरोब्बर त्या गवतात येऊन पडला. "बॉल कुठाय ते किपरच्या आजीलाही दिसतं," तो मुलींना सांगायचा. "पडणार कुठे ते बघा."

हा आमच्या मुलींच्या, म्हणजे दहा वर्षांखालच्या फुटबॉल टीमचा कोच. मूळचा उत्तर इंग्लंडचा. तिथल्या खालच्या डिव्हिजनांत, ज्यांच्या मॅचेस टीव्हीवर कधी दिसत नाहीत अशा गावोगावच्या क्लबांत, तो सोळा वर्षं स्ट्रायकर होता. शेवटची चार वर्षं सकाळी टपाल वाटायचं आणि संध्याकाळी खेळायचं. बायको शेजारच्या वूस्टरला नर्स, म्हणून हा इथे. पाठीवर नऊ आकडा असलेलं एक विटकं जॅकेट तो बारा महिने घालायचा, त्यावरून आम्हा मराठी पालकांत त्याचं नाव पडलं. इंग्लंडातही एक श्रूजबरी आहे आणि तिथे आपण एकदा सहा गोलांनी हरलो, ही माहिती तो नव्या माणसाला पहिल्या भेटीत आपण होऊन द्यायचा.

त्याचं इंग्रजी मला निम्मं कळायचं. इथे त्याची जी वाक्यं देतोय ती माझ्या मराठीत. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं म्हणतात, पण तो बोलला की मला 'तू'च ऐकू यायचं. मला तो 'प्रोफेसर' म्हणायचा, कारण माझ्या हातात कायम क्लिपबोर्ड.

त्या क्लिपबोर्डाची कथा अशी, की मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय असतो, तालमीतालमींच्या टीमा, मॅचला लोटलेलं गाव, हे मी इथे गणपतीच्या पंगतीत रंगवून सांगायचो. लोकांना वाटलं, याला फुटबॉल कळतो. तो गैरसमज मी मोडला नाही. खरं म्हणजे मी आयुष्यात एक मॅच खेळलेलो नाही. वडील उद्यमनगरात फाउंड्रीत होते आणि त्यांनी बजावलं होतं, मैदानावर दिसलास तर उद्यापासून माझ्याबरोबर भट्टीवर. मी अभ्यास केला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी न विचारता सांगतो. डिग्रीचं सर्टिफिकेट कोल्हापुरातच फ्रेम करून घेतलं आणि अमेरिकेला येताना विमानात मांडीवर धरून आणलं. पण कोल्हापूर या एका शब्दाच्या जोरावर श्रूजबरीत मी असिस्टंट कोच झालो. काम एवढंच, की पाण्याच्या बाटल्या मोजायच्या आणि क्लिपबोर्डवर काहीतरी लिहिल्यासारखं करायचं.

पहिल्या मोसमात आमची टीम सारखी हरत होती. ऑक्टोबरात देशपांडेने फोनवर नऊ नंबरचं नाव शोधलं, त्याच्या करिअरचं एक पान सापडलं आणि आम्ही खुर्च्या जवळ ओढल्या. सोळा वर्षं, अकरा क्लब. एका ठिकाणी आठ महिने, एका ठिकाणी पाच. कंपनीत मी माणसं घ्यायच्या इंटरव्ह्यूला बसायचो, त्यामुळे हे पान मी ज्या डोळ्यांनी वाचायला नको त्याच डोळ्यांनी वाचलं. मी म्हणालो, असा रेझ्युमे माझ्याकडे आला तर मी दुसरं पान उलटणार नाही. हा माणूस कुठेच टिकलेला नाही. माझ्या रेझ्युमेत पाच कंपन्या होत्या आणि एकही भोक नव्हतं. एक होतं, पण ते मी इतक्या सफाईने बुजवलं होतं की मीनलला, म्हणजे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

घरी जाऊन मीनलला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगलंय की. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस आहे."

"अकरा," मी म्हणालो.

मग मी क्लबच्या कमिटीला पत्र लिहिलं. सह्या नऊ पालकांच्या, मजकूर माझा. नऊ नंबरकडे कोचिंगचं सगळ्यात खालचं सर्टिफिकेट होतं. आमच्या मुलींना वरचं सर्टिफिकेट असलेला कोच मिळावा, अशी विनंती. अकरा क्लबांचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदात. माझा कागदावर विश्वास आहे. कागदानेच मला भट्टीपासून वाचवलं. पत्र इतकं सुबक झालं होतं की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. कमिटीचं उत्तर आलं की मोसमाच्या मध्ये बदल करता येत नाही, जूनमध्ये बघू. मी ते विसरलो. खरंच विसरलो, आणि विसरायला मदत त्यानेच केली, कारण पुढे थंडीत इनडोअर प्रॅक्टिस सुरू झाली आणि मला हा माणूस आवडायला लागला.

त्याचा एक धडा ठरलेला. एकीने गोलवर बॉल मारायचा आणि बाकीच्यांनी बॉल पायातून सुटायच्या आत गोलकडे पळत सुटायचं. किपरने बॉल पकडला तर परत यायचं. पुन्हा मारायचा, पुन्हा पळायचं. सईने, माझ्या मुलीने, एकदा वैतागून म्हटलं, "बट कोच, शी ऑल्वेज कॅचेस इट!" तो म्हणाला, बरोबर आहे, नेहमीच पकडते. माझे निम्मे गोल मात्र किपरने न पकडलेल्या वेळचे आहेत.

दुसरी गोष्ट त्याने एकदा जाळी गुंडाळताना सांगितली. तिकडे मे महिन्यात मोसम संपला की मॅनेजर एकेकाला खोलीत बोलावतो आणि पुढच्या वर्षी ठेवणार की सोडणार ते सांगतो. दोन मिनिटांचं काम. याला बहुतेक वेळा सोडलेलंच असायचं. बाहेर आल्यावर हा बायकोला फोन करायच्या आधी कपडे धुणाऱ्या बाईंकडे जायचा, मग गवत कापणाऱ्याकडे, मग तिकीट खिडकीवरच्या म्हाताऱ्याकडे, आणि प्रत्येकाचं नाव घेऊन आभार मानायचा. "ज्याने काढलं त्याचा हात शेवटी," तो म्हणाला. "पण धरायचा." मी म्हणालो, केवढं मोठं मन. तो म्हणाला, मन कसलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लबकडून त्यांच्याच मैदानावर यायचं असतं, प्रोफेसर.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मला कंपनीने काढलं. व्हिडिओ कॉल, सात मिनिटं, आणि आठव्या मिनिटाला लॅपटॉप बंद. आमचा मुक्काम माझ्या वर्क व्हिसावर. साठ दिवसांत नवी नोकरी आणि तिचे कागद दाखल, नाहीतर कोल्हापूर. मीनलचा व्हिसा माझ्या व्हिसाला टांगलेला. सई इथे जन्मलेली, म्हणजे आमच्यात या देशात राहायचा हक्क तेवढा तिलाच. कोल्हापूर वाईट नाही हो, पण ती फ्रेम पुन्हा मांडीवर घेऊन परत जायचं आणि वडिलांसमोर उभं राहायचं, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना.

त्या संध्याकाळी प्रॅक्टिस होती. मीनलला अजून सांगितलं नव्हतं. मैदानावर मी बाटल्या मोजत होतो आणि आकडा दर वेळी वेगळा येत होता. नऊ नंबर शेजारी येऊन उभा राहिला, नेहमीसारखा भलतीकडे बघत. म्हणाला, सोडलं ना तुला? मी विचारलं, कसं कळलं? तो म्हणाला, अकरा वेळा आरशात बघितलाय हा चेहरा.

"किती दिवस?"

"साठ."

"साठ? अरे, चैन आहे. मला शनिवारी सोडायचे आणि सोमवारी दुसऱ्या गावात ट्रायल असायची." मग म्हणाला, "घरी सांग. पण आधी पळ."

आणि त्याने मला, इस्त्रीच्या पँटमध्ये आणि ऑफिसच्या बुटांत, मुलींच्या रांगेत उभं केलं. मी सहा वेळा गोलकडे पळालो. पाचदा किपरने पकडला. सहाव्यांदा बॉल तिच्या हातून सुटला, माझ्या पायाशी आला आणि मी पाय उचलला तो बॉलवरूनच घसरून चिखलात बसलो. "बाबा, प्लीज स्टॉप," सई म्हणाली. "एव्हरीवन इज लुकिंग." नऊ नंबर मात्र टाळ्या वाजवत होता. म्हणाला, जागा बरोबर होती, बाकी सगळं चुकलं.

बॅज परत द्यायला ऑफिसात गेलो तेव्हा त्याचं ऐकून आभार मानायचं ठरवलं, आणि माझी जन्माची फजिती झाली. सहा वर्षं रोज ज्या गार्डला मान हलवून आत जायचो त्याचं नाव मला माहीत नव्हतं. कॅफेटेरियातल्या बाईंचं नाव माहीत नव्हतं. गार्डला माझं नाव माहीत होतं, सईच्या कुठल्या हाताला प्लॅस्टर होतं तेही माहीत होतं. मी त्याच्या छातीवरची पट्टी वाचून आभार मानले. चष्मा घरी राहिला होता, म्हणून जवळ वाकून वाचावी लागली.

पुढचे दिवस मी मोजून काढले. अर्ज, इंटरव्ह्यू, गोड शब्दांतला नकार. सत्तेचाळिसाव्या दिवशी जर्सी सिटीच्या एका कंपनीने शेवटच्या फेरीत नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाला घेतलं होतं. माझी सगळी भिस्त तिच्यावर होती. मी घरी मीनलला म्हणालो, बॅगा काढू या. तिने काढल्या नाहीत. संध्याकाळी नऊ नंबरला सांगितलं. त्याने विचारलं, "किपरने अडवला?" मी म्हणालो, हो. "मग तू मागे कुठे चाललास? आत पळ."

मी त्या लोकांना पत्र लिहिलं. चार ओळी. ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला त्या तिघांची नावं घेऊन आभार, आणि जागा कधी मोकळी झालीच तर मी इथेच आहे. इतकं छोटं पत्र मी आजवर लिहिलं नव्हतं. त्रेपन्नाव्या दिवशी फोन आला. त्यांनी घेतलेला माणूस ऐन वेळी दुसरीकडे गेला होता. अठ्ठावन्नाव्या दिवशी कागद दाखल झाले. कोल्हापूरला फोन करून मी वडिलांना सांगितलं, की हजारांतून माझी निवड झाली. नऊ नंबरला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, रिबाउंडचा गोलही बोर्डावर एकच लिहितात.

जूनमधला शेवटचा शनिवार. आम्ही हरलो. नंतर झाडाखाली पिझ्झा होता. क्लबच्या अध्यक्षीणबाई नऊ नंबरला जरा बाजूला घेऊन बोलल्या. दोन मिनिटांचं काम. देशपांडे माझ्या कानात म्हणाला, "झालं बुवा आपलं काम. पुढच्या वर्षी नवा कोच. तुझ्या लेटरने केलं." मी धावत अध्यक्षीणबाईंकडे गेलो, ते पत्र माझं होतं, ते परत घेतो म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या की नवा माणूस ठरला आहे, आणि पत्र खूप मुद्देसूद होतं.

तोवर नऊ नंबरची फेरी सुरू झाली होती. रेघा मारणाऱ्या माणसाकडे गेला. संत्र्याच्या फोडी आणणाऱ्या आजींकडे गेला. प्रत्येक मुलीकडे, प्रत्येक पालकाकडे. देशपांडेचं नाव त्याने बरोबर उच्चारलं. मग अध्यक्षीणबाईंचा हात हातात घेतला. मी मनात म्हटलं, त्यांचा हात शेवटचा, म्हणजे फेरी संपली, मला चुकून वगळलं. आणि मग तो वळून माझ्याकडे आला.

मी एवढंच विचारलं, "कधी कळलं?"

"नोव्हेंबरात. बाईंनी तेव्हाच वाचायला दिलं." माझा हात त्याने धरून ठेवला होता. "छान लिहिलंयस, प्रोफेसर. एक चूक आहे. अकरा नाही, बारा. एका क्लबात मी तीनच आठवडे होतो, ते त्या पानावर नाही. तिथून तर सगळ्यात वाईट हाकललं. पण माझा सगळ्यात चांगला गोल तिथला आहे."

मी माफी मागायला लागलो. तो म्हणाला, ते राहू दे, शेजारच्या गावातल्या आठ वर्षांच्या मुलींनी मला सोमवारी बोलावलंय. आणि नऊ आकड्याचं जॅकेट खांद्यावर टाकून पार्किंगकडे गेला. जाताना तेवढं त्याने मैदानाकडे एकदा बघितलं.

मग आम्ही जर्सी सिटीला बिऱ्हाड हलवलं. कंपनीत पहिल्या दिवशी नव्या लोकांना जेवणाच्या वेळी ओळख करून द्यायला सांगितलं. मी उठून म्हणालो, ही माझी सहावी कंपनी. मग जरा थांबून म्हणालो, सातवी. पुण्यात पहिल्या कंपनीत मी दोनच महिने होतो, तिथून मला काढून टाकलं होतं. कुणी वर बघितलं नाही, सँडविच चालू होती. घरी येऊन धीर करून मीनललाही सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये. तुझ्या आईने लग्नाआधीच सांगितलं होतं."

सई इथे नव्या टीममध्ये खेळते. मी रेघेबाहेर उभा असतो, क्लिपबोर्ड नाही. बॉलकडे बघत नाही. रिकाम्या गवताचा एक तुकडा निवडतो आणि त्याच्याकडे टक लावून बघतो. अजून एकदाही बॉल तिथे पडलेला नाही.