पोटरीवरची खूण

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, ज्या मित्राजवळ माणूस वाट्टेल ते बरळतो त्याच्याजवळही नाही. मग तुमच्याजवळ का? ठाऊक नाही. कदाचित तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही म्हणून.

नंदनवन भागातली चार मजल्यांची आमची स्कीम, म्हणजे फ्लॅटची बिल्डिंग. सोळा फ्लॅट, एक लिफ्ट, आणि मोबाइलवर एक ग्रुप. पाण्याची टाकी भरून वाहतेय असं तिथे कुणी लिहिलं तर तासभर कुणी हलत नाही. पण टीव्हीवर एखादी वादाची बातमी लागू द्या, सगळे बाह्या सरसावून हजर. मी तर त्यातला पट्टीचा. मुलाचा डबा भरताना, सिग्नलला थांबलो असताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली — माझा अंगठा सतत कुणाशी तरी भांडत असतो.

सध्या बातमी भटक्या कुत्र्यांची आहे. उचला म्हणणारे एकीकडे, राहू द्या म्हणणारे दुसरीकडे. सगळे लिहितायत आणि मी गप्प आहे. एकाने ग्रुपवर विचारलंही, साहेब, तब्येत बरी आहे ना? तब्येतीला काय धाड भरलीय. एका जागी बसवत नाही, एवढंच. गॅलरीतून किचन, किचनमधून गॅलरी — माझी बायको रश्मी म्हणते, चप्पल घालून तरी फिर, बाहेर जाऊन ये.

सांगतो. सरळ सांगता येत नाहीये, जरा वळसा घेऊन येतो.

आठ वर्षांपूर्वी ईशान, माझा मुलगा, पाच वर्षांचा होता. रश्मी कन्हानच्या एका बँकेत होती, तिला घरी यायला सात वाजायचे. म्हणून संध्याकाळी पोराला खाली खेळायला नेणं माझ्याकडे. मी नेत होतो, अगदी रोज. पण त्याच्याकडे बघत होतो का? — ते वेगळं.

तळमजल्यावर विमलकाकू राहायच्या. एकट्याच, बालवाडीतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या दाराशी भुऱ्या नावाचा कुत्रा पडलेला असायचा. तसा तो कुणाचाच नव्हता, पण रोजच्या दोन पोळ्या काकूंच्या. ईशान त्याचे कान ओढायचा, पाठीवर बसायला बघायचा. भुऱ्या ओढू द्यायचा. कंटाळला की उठून दुसरीकडे जाऊन बसायचा, बस.

त्या संध्याकाळी मी पार्किंगच्या खांबाला टेकून एका बातमीवर लांबलचक उत्तर लिहीत होतो. कुठली बातमी? देवाशप्पथ आठवत नाही. समोरच्याला निरुत्तर करणारं एक वाक्य जमत आलं होतं, एवढं आठवतं. तेवढ्यात धाडकन आवाज झाला. ईशान माझ्या स्कूटरवर चढला होता आणि स्कूटर त्याला घेऊन आडवी झाली होती. मी ती साइड स्टँडवर लावली होती. घरात लहान पोर आहे, डबल स्टँड लावत जा — हे रश्मीने मला शंभरदा सांगितलेलं.

त्याची पोटरी कुठल्याशा पत्र्याने फाटली होती, चांगलं रक्त आलं होतं. मी त्याला ओढून बाजूला केलं. आणि मग — हेही सांगून टाकतो — त्याला उचलायच्या आधी मी स्कूटर उचलली. उभी केली, डबल स्टँडवर. काहून? तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नव्हता. आता वाटतं, खोटं बोलायची तयारी हातांनी आधीच सुरू केली होती.

फाटकातून रश्मी आत आली. त्या दिवशी नेमकी लवकर. ईशानचा पाय बघून ती किंचाळली नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काय करून राहिला होता?" फोन माझ्या हातातच होता.

मी म्हटलं, "भुऱ्या चावला."

दोन शब्द. आदल्या आठवड्यात ग्रुपवर कुठल्याशा गावच्या कुत्र्याचा व्हिडिओ फिरला होता; तोंडाशी तयार होतं, ते बाहेर पडलं. मला वाटलं, थोडी आरडाओरड होईल, मलमपट्टी होईल, विषय संपेल. कुत्रा चावल्यावर पुढे काय असतं हे मला सुचलंच नाही. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना सुचलं.

डॉक्टरांनी जखम निरखली. म्हणाले, चावल्यासारखं दिसत नाही. ईशान हुंदके देत म्हणाला, "स्कूटर पडली." दार उघडं होतं, समजलं ना? त्या दारातून मला बाहेर पडता आलं असतं. रश्मी शेजारी उभी होती. मी म्हटलं, घाबरलाय तो, कुत्रा मागे लागला म्हणून स्कूटरवर जाऊन आदळला. दात लागला नसेल तर नख लागलं असेल. डॉक्टर म्हणाले, शंका आहे तर मग रेबीजचं इंजेक्शन द्यावंच लागेल.

एक इंजेक्शन जखमेतच टोचतात. थोडं इकडे, थोडं तिकडे, पुन्हा इकडे. पोराचा पाय कुणी तरी घट्ट धरावा लागतो. तो मी धरला. तो "बाबा, बाबा" करत होता — मी वाचवीन म्हणून मलाच हाका मारत होता. पुढे दंडावरची इंजेक्शनं, ठरलेल्या दिवशी, महिनाभर. दर वेळी जाताना मी त्याला समजवायचो, भुऱ्या चावला ना, म्हणून घ्यावं लागतं. शेवटच्या वेळी नर्सने विचारलं, काय झालं रे बाळा? तो आपणहून म्हणाला, "भुऱ्या चावला."

काकू वर आल्या होत्या, दुसऱ्याच दिवशी. आत आल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. "भुऱ्या तर माह्या दारात होता गा. मी त्याले पोळी टाकून राहिली होती. तू सोताच्या डोळ्यानं पाह्यलं का?"

मी म्हटलं, "हो."

त्या हळूहळू जिना उतरल्या. रविवारी आमच्या सेक्रेटरींनी आणि मी भुऱ्याला कन्हान नदीच्या पुलापलीकडे सोडलं. माझ्या गाडीतून. पोतं नेलं होतं, लागलं नाही. मी बिस्किट दाखवलं तर तो शेपटी हलवत मागच्या सीटवर चढून बसला. रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत होता. काकू त्यानंतर दीड वर्ष इथे होत्या, मग मुलीकडे राहायला गेल्या. जिन्यात भेटल्या की पहिल्यासारखंच विचारायच्या, जेवला का गा? मी हो म्हणून सटकायचो.

आणि मग गेल्या रविवारची मीटिंग. दुसऱ्या मजल्यावर नवीन भाड्याने आलेली एक मुलगी गेटजवळच्या दोन कुत्र्यांना खाऊ घालते, त्यावर. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकल्या होत्या. ती मुलगी नीट बोलत होती, लोक ऐकतही होते. तेवढ्यात ईशान उठला. तेरा वर्षांचा आहे आता, आवाज फुटतोय. त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पोटरीवरची खूण दाखवली. भुऱ्या आधी कसा गुरगुरला, दात कसे दिसले, पाय झटकला तरी त्याने कसा सोडला नाही — सगळं सांगितलं. हे मीसुद्धा त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगताना त्याच्या अंगावर शहारे आलेले मी पाहिले. तो खोटं बोलत नव्हता. रस्त्यात कुत्रा दिसला की तो आजही माझा दंड पकडतो.

त्या मुलीने पायाशी ठेवलेलं कुत्र्यांचं भांडं उचलून मांडीवर घेतलं. खायला घालणं बंद, यावर हात वर करायला सांगितले. मी केला.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. ईशान म्हणाला, "बाबा, मी बरोबर सांगितलं ना?"

मी म्हटलं, "हो."