शेळीच्या केसांची वेणी

बायांनो, आजचीच गोष्ट सांगते. विलायतेला कापूस हवा म्हणून अमरावतीत बैलगाड्यांची रीघ लागली आहे, आणि मी बसले होते बाहुलीचे केस करत!

शेजारची सात वर्षांची गोदी तापातून उठली, पण तापात डोकं भादरल्यापासून घराबाहेर पडेना. तिच्यासाठी काळ्या शेळीचे केस धुऊन, विंचरून मी बाहुलीला लांब वेणी घातली.

आज बाहुली दिली, तर म्हणाली, "काकू, इचे केस माह्याएवढे कर ना."

"काहून वं?"

"मंग आमचे संगच वाढतीन."

मी वेणी कापली. गोदी बाहुली घेऊन अंगणात धावली.

आता दर महिन्याला गुपचूप बाहुलीला थोडे लांब केस बसवीन म्हणते. तुम्ही तिला खरं सांगितलं असतं का?