यांची वाचा आणि चुंबकाचे पंधरा दिवस

"तुमच्या मिस्टरांची वाचा गेली आहे. कितपत परत येईल, आज सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

पक्षाघाताने मेंदूच्या डाव्या बाजूची बोलण्याची जागा निकामी केली होती. याला अफेझिया म्हणतात. माणसाला बरंचसं समजतं, पण शब्द सापडत नाहीत.

यांना एकच शब्द उरला होता, 'बुधवार'. चहा हवा असला तरी बुधवार, दुखलं तरी बुधवार. सांडोर गावात आमची केळीची वाडी. आधी हे इतके बोलके, की आळीतल्या लग्नात पंगतीला आग्रह करायला लोक यांनाच बोलवायचे.

सहा महिने स्पीच थेरपी झाली. मग डॉक्टरांनी आरटीएमएस सुचवलं, म्हणजे चुंबकाने मेंदूला चालना देणं.

"शॉक देतात का?" मी घाबरून विचारलं.

"शॉक नाही, भूलही नाही. तारेच्या गुंडाळीतून क्षणभर वीज सोडली की चुंबकीय लहर उठते. ती कवटीतून आत जाऊन पेशींमध्ये बारीकशी वीज जागवते. यांच्या मेंदूची डावी बाजू जखमी आहे आणि उजवी जास्त जोर करून तिला दाबते, असा आमचा अंदाज. उजवीला जरा शांत केलं, तर डावीला वाव मिळेल. मिळेलच असं नाही."

मी फक्त 'मिळेल' ऐकलं.

पहिल्या दिवशी विरारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, डोक्यात धातू नाही ना, कधी फिट आली होती का. कानात बोळे घातले. गुंडाळी डोक्याला टेकवली, टक् झालं आणि यांचा डावा अंगठा आपोआप उडाला. त्यावरून चुंबकाची मात्रा ठरवतात. मला रडूच आलं. वाटलं, असाच शब्दही उडेल.

रविवार सोडून रोज रिक्षाने जायचो. वीस मिनिटं टकटक, मग थेरपी. मनवेलपाड्याची एक मुलगी डिप्रेशनसाठी त्याच यंत्रावर यायची. दहाव्या दिवशी ती बाकावर आईशी हसून बोलत होती. मला आनंद झाला नाही. मत्सर वाटला.

घरी मी चमचा समोर धरायचे. "हे काय? च... चमचा म्हणा."

"बुधवार."

"आई, पुरे. बाबा दमलेत," आमची मुलगी म्हणायची. मी थांबत नसे.

पंधराव्या दिवसानंतर चाचणी झाली. "फरक नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसरी फेरी करता येईल, पण मी आशा दाखवणार नाही."

यांना कळलं. यांनी नकारार्थी मान हलवली.

त्या संध्याकाळी मी पुन्हा चमचा उचलला. यांनी तो काढून घेतला आणि माझ्या तोंडावर तळहात ठेवला. डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. इतके महिने मी यांची रोज परीक्षा घेत होते आणि रोज नापास करत होते.

तुमच्यावर ही वेळ आली, तर उपचार जरूर करा. कुणाला गुण येतो, मी पाहिलाय. आम्हाला आला नाही, आणि येईल असं आता वाटतही नाही. लोक धीर धरायला सांगतात. किती धरायचा?

आता संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसतो. मीच बोलते. कुठल्या केळीला घड लागला, कुणाच्या मुलीचं ठरलं. माझं काही चुकलं की हे मान हलवतात. मग मी पहिल्यापासून, नीट सांगते.